लाइट गेली तिथून

माझी मुलगी हल्ली रोज संध्याकाळी मला एक कोरियन मालिका दाखवते. एका तळ्याखालच्या राज्याचा राजकुमार माणसांत येऊन राहतो आणि नूडल्सचं दुकान चालवणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो, अशी एकंदर भानगड आहे. त्यातलं मला काय आवडतं ते आधीच सांगते, नाहीतर मुलगी म्हणते की मी नुसती नाक मुरडत बसते. ती दुकानवाली मुलगी पोटभर जेवते, हे मला फार आवडतं. आपल्याकडच्या मालिकांतल्या बायका ताटासमोर बसून रडतात, ही रडतानासुद्धा वाडगं खाली ठेवत नाही. राजकुमार चिडला की गावातल्या बंद नळांना पाणी येतं, हेही आवडलं. आमच्या गल्लीत असा एक चिडका राजकुमार हवा होता.

आता न आवडणारं. राजकुमाराचं तोंड इतकं गुळगुळीत आहे की त्यावर माशी बसली तर घसरेल. दोघांची नजरानजर झाली की प्रत्येक वेळी तेच गाणं लागतं. पण सगळ्यांत वाईट म्हणजे मधल्या एका भागात तो झोपलेल्या मुलीच्या कपाळाला बोट लावतो आणि तिच्या डोक्यातली आपली आठवण पुसून टाकतो. तिच्या भल्यासाठी, म्हणे. माझी मुलगी तिथे हमसून हमसून रडली. मी चहा ठेवायला उठले. तिला न विचारता तिचं भलं ठरवणारा हा टिकोजी कोण, असं मी आतूनच म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच चढला.

खाली इंग्रजी अक्षरं पळत असतात, माझी वाचून होत नाहीत, म्हणून मुलगी मराठीत सांगत जाते. मी मधूनमधून तिला विचारते, "ती असंच म्हणाली का, की तूच सांगतेस?" मुलगी वैतागते. हा प्रश्न मी कुठून उचलला, ते तिला अजून सांगितलेलं नाही.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथजवळचं, महाराष्ट्राच्या सीमेपलीकडचं. बोलणं सगळं मराठी आणि सरकार सगळं तेलुगू. वडील गावातल्या मराठी शाळेत मास्तर होते, पण मला त्यांनी बोथच्या तेलुगू शाळेत घातलं, कारण पुढे कचेरीत साधी दरखास्त द्यायची तरी तेलुगू लागणार होतं. नव्वद सालाच्या आगेमागे आमच्या घरी टीव्ही आला. काळा-पांढरा, पुढे सरकती दारं असलेला. नागपूर आम्हाला हैदराबादपेक्षा जवळ, पण चित्र यायचं ते हैदराबादचं. म्हणजे टीव्ही मराठी गावात आणि बोलायचा तेलुगू. गल्लीतल्या बायकांना बाजारहाटापुरतं तेलुगू यायचं, मिरचीचा भाव विचारण्याइतकं. रडण्या-रुसण्याचं तेलुगू कुणालाच येत नव्हतं.

ते मला येत होतं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. रविवारी संध्याकाळी मालिका लागली की मी टीव्हीशेजारी स्टूल टाकून बसायची, आवाज बारीक करायची आणि टीव्हीतली माणसं बोलतील ते मराठीत सांगायची. समोर दहा-बारा बायका, कुणाच्या केसांत दिवसभर वेचलेल्या कापसाचे धागे, ओच्यात भाजलेल्या शेंगा. सोललेले दाणे पहिल्यांदा माझ्या हातावर यायचे. मला वाटायचं, टीव्ही माझ्या तोंडानेच चालतो.

मालिका एका शापित गंधर्वाची होती. तो फक्त पुनवेला पृथ्वीवर उतरू शकायचा. नदीकाठी फुलं विकणाऱ्या एका मुलीवर त्याचं मन बसलेलं, आणि ती महिनाभर त्याची वाट बघायची. त्याच नदीवर एक नावाडी होता. तो तिला रोज फुलांसकट पलीकडे पोचवायचा आणि तिच्यावर जीव टाकून गप्प राहायचा. मला गंधर्व अतोनात आवडायचा. तो उतरला की धूर यायचा, धुरातून मुकुट यायचा, मग तो. त्याला खाली सोडणारी तार एकदा स्पष्ट दिसली, तर मी ती शाप म्हणून सांगितली. नावाडी मात्र मला डोळ्यांसमोर नको असायचा. त्याचे कान बाहेर आलेले होते, आणि तो बोलायचा तेही पाऊसपाण्याचं.

म्हणून मी काय करायची, नावाड्याचं बोलणं कापायची. तो चांगली चार-पाच वाक्यं बोलला की मी म्हणायची, "काहीतरी नावेचं बोलून राह्यला." गंधर्वाचं मात्र एकाचं तीन करून सांगायची. कुणाला कळत नव्हतं. उलट मास्तराच्या पोरीच्या तोंडून गोष्ट गोड लागते, असं बायका आईला सांगायच्या, आणि मी फुगायची.

लाइट जायची ती ठरलेलीच. मालिकेच्या मध्येच गेली तर बायका उसासे टाकत घरी जायच्या आणि उरलेली गोष्ट सोमवारी बसने यायची. म्हणजे मी आणायची. शाळेत माझी एक तेलुगू मैत्रीण होती, तिचं घर बोथच्या बाजारात, तिथे लाइट क्वचितच जायची. मधल्या सुट्टीत ती मला राहिलेला भाग सांगायची, आणि मी बसमधून उतरले की दोघी-चौघी जणी अडवून उभ्या असायच्या. टपाल आणणाऱ्याला कुणी विचारलं नसेल इतकं मला विचारायच्या.

या सगळ्यांत शेजारची वहिनी माझ्या अगदी जवळ बसायची. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. ती माझे केस विंचरायची, फ्रॉकला झालर लावून द्यायची, आणि गोष्ट ऐकताना टीव्हीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची. तिचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांनी कोळशाच्या खाणीत काम धरायला म्हणून मंचेरियलला गेला. पहिल्या वर्षी पोळ्याला आला, दिवाळीला आला. मग चिठ्ठ्या, मग चिठ्ठ्याही नाहीत. सहा वर्षं झाली होती. दर पोळ्याला वहिनी त्याच्या वाटची पुरणपोळी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायची आणि मग मला द्यायची. मी ती आनंदाने खायची.

तिची सासू फार वेगळी बाई. पोटच्या मुलाची बाजू न घेता तीच म्हणायची की माझा मुलगा काही येत नाही, मी आहे तोवर तुझं दुसरीकडे होऊ दे. आमच्याकडे काडीमोड घेऊन पाट लावण्याला कुणी नावं ठेवत नसे. सासूनेच स्थळ काढलं. इंद्रवेल्लीच्या बाजारात शिलाई मशीन घेऊन बसणारा एक शिंपी, बायको वारलेली, मूलबाळ नाही. एका रविवारी तो बघायला आला आणि नेमकं आमच्या टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या. बायका हळहळत होत्या. तो शेजारच्या अंगणातून उठला, आमच्या कवेलूच्या छपरावर चढला, अँटिना फिरवत राहिला आणि "आलं का?" एवढंच विचारत राहिला. चित्र स्वच्छ आलं. बायका त्याच्यावर खूश झाल्या. वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, आणि तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मला तो आवडला नाही. त्याचेही कान बाहेर आलेले होते.

खरं कारण कानांचं नव्हतं. ती इंद्रवेल्लीला गेली तर माझे केस कोण विंचरणार, माझ्या तोंडाकडे बघत कोण बसणार, एवढंच माझ्या मनात होतं. तेव्हा मी ते स्वतःशीही कबूल केलं नसतं.

सासूने देवीला कौल लावला. आमच्याकडे लग्न असो, विहीर खणायची असो, मूर्तीला फूल लावून बघायचं. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. दोन फुलं लावली आणि दोन्ही चिकटून राहिली. सासू घरी येऊन म्हणाली की देवी काही बोलत नाही, तुझं तूच ठरव. शिंप्याकडची माणसं मंगळवारी जबाब घ्यायला येणार होती. आणि त्या मंगळवारच्या आधीचा रविवार मालिकेच्या शेवटच्या भागाचा होता.

त्या दिवशी खोलीत बसायला जागा नव्हती. पुनव होती, म्हणजे टीव्हीतली. मुलगी नदीकाठी उभी, पलीकडच्या काठावर धुरातून गंधर्व उतरलेला, आणि मधे नाव घेऊन तो कानवाला. गंधर्व म्हणाला, अजून बारा पुनवा थांब, शाप संपेल. मी ते अगदी जीव ओतून सांगितलं. मुलीने वर बघितलं, बोलायला तोंड उघडलं, आणि लाइट गेली.

अर्धा तास बसून बायका गेल्या. वहिनी गेली नाही. कंदिलाची काच पुसत आईशी काहीबाही बोलत राहिली. सकाळी मी बसला निघाले तर ती दारात उभी होती. तिने माझी वेणी पुन्हा घट्ट केली आणि म्हणाली, "थे काय म्हनली, नीट इचारून येजो. मले उद्या जबाब द्यावा लागते."

म्हणजे मला माहीत होतं. मी लहान होते, मला काय कळत होतं, असं म्हणायची सोय मला नाही. देवीने जो कौल दिला नाही, तो ती त्या फुलवालीकडून घ्यायला निघाली होती आणि फुलवालीचा शब्द माझ्या हातून यायचा होता. हे मला बसमध्ये चांगलं समजलेलं होतं.

मधल्या सुट्टीत मैत्रिणीने डब्यातला दहीभात खात खात शेवट सांगितला. ती फुलवाली गंधर्वाला म्हणाली, "नेनु इक एदुरु चूडनु." मी आता वाट बघणार नाही. मग ती नावेत जाऊन बसली. एवढंच. पुढे लग्नाचं गाणं आणि संपलं. मला इतका राग आला की मी डबा न खाता बंद केला. एवढा मुकुटवाला दारात उभा आणि ही त्या पाऊसपाणीवाल्याच्या नावेत बसते? परत येताना बसमध्ये मी तो शेवट मोडला आणि माझा बसवला. आमच्या फाट्यापर्यंत तो तयार होता.

बायका उभ्याच होत्या. मी सांगितलं, फुलवाली म्हणाली, बारा पुनवा काय, जन्मभर थांबेन. ते ऐकून गंधर्वाने मुकुट नदीत टाकला, शाप तिथेच तुटला आणि तो कायमचा माणूस होऊन तिच्याजवळ राहिला. नावाडी कुठे तरी निघून गेला. एक म्हातारी डोळे पुसायला लागली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. सगळ्या पांगल्यावर वहिनी स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली, "थांबली म्हून भेटला." आणि घरात गेली.

मंगळवारी तिने नाही म्हणून सांगितलं. आमच्या अंगणातून मला सगळं दिसत होतं. सासू कपाळाला हात लावून बसली. शिंपी वाद न घालता उठला, आमच्या फाटकाशी थांबून त्याने वर अँटिनाकडे बघितलं आणि वडिलांना म्हणाला की तार एका जागी सोलली आहे, पावसाच्या आधी बदला. मी दाराआड होते. मला वाईट वाटत होतं, आणि खोटं का बोलू, त्याच वेळी ती आता कुठे जात नाही म्हणून जीव भांड्यातही पडला होता. संध्याकाळी तिने माझे केस विंचरले.

सांगायला वेळ होता. शिंप्याचं दुसरीकडे जमायला वर्ष लागलं. त्या वर्षात मी रोज तिच्यासमोर बसत होते. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता तो शेवट गल्लीत इतका रुजला की पोरी खेळात मुकुट म्हणून एरंडाचं पान पाण्यात टाकायच्या. मग कळलं की शिंप्याचं लग्न झालं. त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या गावचा एकजण मंचेरियलच्या स्टेशनावर वहिनीच्या नवऱ्याला भेटून आला. त्याच्यासोबत बायको होती आणि दोन मुलं. वहिनीने त्या वर्षीपासून पोळी झाकून ठेवणं बंद केलं. मला कुणीही बोल लावला नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

मी मोठी झाले, शिकले, लग्न करून आदिलाबादला गेले, शाळेत शिकवायला लागले. लोक म्हणतील, कुणी टीव्हीतल्या गोष्टीवर आयुष्य ठरवतं का? तिच्या मनात आधीच नकार असेल, तिला निमित्त हवं होतं. मीही स्वतःला असं पुष्कळदा सांगून पाहिलं. पण मग ते पदराआडचं हसणं आठवतं, आणि सांगितलेलं सगळं वाहून जातं.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट असेल. मुलगी पोटात असताना मी माहेरी गेले होते. सासू वारली होती. वहिनी एकटी राहायची आणि गावातल्या पोरींना शिवण शिकवायची. तिने शिलाईच का धरली, हे मी तिला कधी विचारलं नाही. एव्हाना घरोघरी टीव्ही होते आणि बाजारात, कचेरीत वावरून तिला तेलुगू चांगलंच यायला लागलं होतं. दुपारची वेळ होती, पोरी जेवायला गेल्या होत्या. तिने माझ्या पोटाकडे बघून मला बसायला पाट दिला, आणि होणाऱ्या बाळाच्या दुपट्याला शिवण घालायला घेतली. ते दुपटं बघून मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. शाळा, दहीभात, बस, सगळं. तू जाऊ नयेस म्हणून मी केलं, हेही सांगितलं.

वहिनीचा पाय मशीनवर चालतच राहिला. शिवण शेवटपर्यंत नेली, दाताने धागा तोडला, दुपटं घडी करून मांडीवर ठेवलं. मला वाटलं ती मला हाकलून देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मंग आता सांग. लाइट गेल्ती तिथून सांग."

मी सांगायला लागले. पुनव, नदी, पलीकडे गंधर्व, मधे नाव. या वेळी एकही शब्द वाढवला नाही की कापला नाही. मुलीने वर बघितलं आणि म्हणाली, नेनु इक एदुरु चूडनु. ते तेलुगूतच ठेवलं, कारण आता तिला ते माझ्यावाचून समजत होतं. वहिनीचे ओठ नुसते हलले. मग तिने विचारलं की नावाडी काय म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, त्याने फुलांची टोपली उचलून बाजूला ठेवली आणि तिला बसायला जागा केली, असं माझ्या मैत्रिणीने सांगितलं होतं.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती, टीव्ही सोडून बघायची तशीच. तिने विचारलं, "असंच म्हनली का वो थे, का आता बी तूच सांगून राह्यली?"

त्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की तो शेवट मीही पाहिलेला नाही. मैत्रीण तर दहावीनंतर लग्न होऊन कुठे गेली, मला ठाऊक नव्हतं. माझ्या शब्दापलीकडे माझ्याजवळ काहीच नव्हतं, आणि माझ्या शब्दाचं काय झालं होतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. वहिनीने थोडा वेळ वाट पाहिली. मग दुपटं माझ्या हातात दिलं आणि मशीनवर दुसरं कापड घेतलं.